परतीचा आहेर

मुळशी
रविवार, २९ डिसेंबर २०२४

रवी,
जय भीम.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता वैशालीने दिला. तिथे मोबाईल काढून घेतात, घरच्या माणसाची पिशवीसुद्धा गेटवर तपासतात, पत्र मात्र पोचतं, आणि तुला देण्याआधी ऑफिसातला माणूस ते वाचतो, असं ती म्हणाली. वाचू दे. त्यालाही माझा जय भीम.

तिचा फोन आला तेव्हा मी रिसॉर्टवर गुलाबाला आळी करत होतो. ती रडत होती. "भाऊजी, आठ दिवस प्यायचे थांबलेच न्हाईत ते. गौतमीच्या म्होरं पडले. पोरगी दहा वर्षाची, तिनं तांब्या भरून तोंडावर पाणी मारलं." मी सगळं ऐकून घेतलं. फोन खिशात ठेवला आणि उरलेली आळी केली. एकही वाकडं झालं नाही. दादाला वाईट वाटलं म्हणून पत्र आलं असं तुला वाटू नये, म्हणून हे सांगतो. मला बरं वाटलं. आप्पा गेल्यापासून साडेपाच वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवलो.

तुझ्या नव्या घराच्या पार्टीतलं तुला किती आठवतं मला माहीत नाही. नंतर तू फार प्यालास. म्हणून लिहितो.

पंधरा डिसेंबर, मार्गशीर्ष पौर्णिमा. सकाळी मी विहारात वंदना घेतली. नेहमीप्रमाणे मी पुढे, माझ्यामागे चाळीस-पन्नास माणसं. पाचवं शील म्हटलं, दारूपासून लांब राहीन, आणि सगळे माझ्यामागून म्हणाले. मग घरी येऊन तोच पांढरा शर्ट अंगात ठेवून दुपारच्या एसटीने निघालो. हिंजवडीजवळ चांद्याला तुझ्या गच्चीवर पोचलो तेव्हा दिवे नुकते लागले होते. तुझे हिंजवडीचे मित्र होते, त्यांच्या बायका होत्या. तुझ्या हातात कोकम सरबत होतं. मी गाणी लावणाऱ्याकडून माईक मागून घेतला. माईकची मला सवय आहे.

मी म्हणालो, "मंडळी, मी रवीचा थोरला भाऊ अंकुश. आमच्या गावाकडं रीत आहे. आहेर आला की तो माईकवर पुकारायचा, म्हणजे चारचौघांना कळतं. आणि ज्यानं केला त्याच्या कार्यात तसाच परत करायचा. सहा वर्षांमागं माझ्या घरभरणीला रवीनं आमच्या वडिलांना विलायती दारूची बाटली आहेर केली होती. परतीचा आहेर माझ्याकडून राहून गेला होता. हा घ्या. तीच कंपनी, तसाच पत्र्याचा डबा."

लोक हसले. कोणी शिट्टी मारली. तुझा तो साहेब, रोहित, टाळ्या वाजवत पुढे आला. "भाई हो तो ऐसा! रवी, आता ही उघडायलाच लागणार, मोठ्या भावाने दिलीय!" तू डब्याकडे बघत होतास. मग सरबताचा ग्लास कठड्यावर ठेवलास आणि दोन्ही हात पुढे केलेस. इतक्या माणसांत थोरल्या भावाचा आहेर परत करता येत नाही. आणि चारचौघांत नाही म्हणणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही. शाळेत पोरं म्हणाली म्हणून तू धरणाच्या भिंतीवरून उडी मारली होतीस.

आता माझी घरभरणी आठव. तू नवी गाडी घेऊन आलास. माईकवाल्याला तू म्हणालास, "नुसती दारू म्हणू नको, स्कॉच म्हण." आणि आप्पांना म्हणालास, "आप्पा, आमच्या हिंजवडीत यजमानाकडं कुणी रिकाम्या हातानं जात न्हाई. पाव्हण्यांना वाढा." कुठला पाहुणा आमच्या दारात पिणार होता? आप्पांनी वैशाखी पौर्णिमेला दारू सोडून अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, काळीज अर्धं गेलंय, आता घोट घेतलात तर मी जबाबदार नाही. हे तुला पाठ होतं. तरी त्यांनी तो डबा पौर्णिमेची खीर घ्यावी तसा दोन्ही हातांनी घेतला, कारण धाकट्याने आणला होता. सगळा मांडव हसला आणि आप्पाही हसले. ते हसणं मी पाहिलंय.

माघात ते पुन्हा प्यायला लागले. जूनमध्ये पोटात पाणी होऊन गेले.

तू बाटली आणलीस आणि आप्पा गेले. या दोन गोष्टींच्या मध्ये मला दुसरं काही दिसत नाही.

अंकुश


मुळशी
सोमवार, ६ जानेवारी २०२५

रवी,

काल वैशाली तुला भेटून इकडे आली होती. म्हणाली, "ते तुमाला काय बी बोलत न्हाईत, भाऊजी. म्हनतात, दादा भोळा हाय. मी सोडली हे त्याला कुटं ठावं व्हतं? ठावं असतं तर त्यानं आणली नसती."

हे ऐकून मला झोप नाही. तू मला भोळा ठरवून मोकळा करतोयस. ते मी चालू देणार नाही.

मला ठाऊक होतं. दिवाळीत वैशाली आमच्या ओट्यावर बसून मला सगळं बोलली. त्याआधी तू कसा रोज प्यायचास, गाडी दोनदा कुठे ठोकलीस, आणि आता तेरा महिने थेंब नाही. कंपनीत कोणाला सांगितलेलं नाही, पार्टीत ग्लासात सरबत घेऊन फिरतोस, लोकांना वाटतं काहीतरी भारीतलं पितोय. ती हसून सांगत होती. मग गंभीर झाली. "भाऊजी, नव्या घराची पार्टी हाय. तुमी या. तुमच्याशी बोलणं न्हाई म्हणून ते आतून झुरत्यात. पर येताना काय आणू नका. निस्ते या." मी मान हलवली. नलिनीने तिला चहा दिला. तुझ्या वहिनीला तेव्हा काही माहीत नव्हतं, अजूनही पूर्ण माहीत नाही.

वैशालीवर डोळे वटारू नकोस. तिने विश्वासाने सांगितलं. मी त्याचं हत्यार केलं.

बाटली कशी घेतली तेही सांगतो. आठवडाभर आधी पिरंगुटच्या रस्त्याला गेलो. आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. काउंटरवर कोण असावं? निषाद. त्याचं लग्न मीच लावलंय. मला बघून तो उभाच राहिला. "जय भीम आचार्य! रस्ता चुकला का?"

"न्हाई. बाटली पाहिजे." मी डब्याचा रंग सांगितला, त्यावरची सोनेरी अक्षरं कशी वळतात ते सांगितलं. डबा मला चांगला माहीत आहे, घरी रोज डोळ्यांसमोर असतो. नलिनी त्यात विहारासाठी मेणबत्त्या अन् अगरबत्ती ठेवते.

"ही? आचार्य, लई वरची हाय ही. कुणाला देताय?"

"भावाला."

"लई माया हाय तुमची भावावर," निषाद म्हणाला. मनापासून म्हणाला. मग त्याने एक कागद काढला, एका दिवसाचा पिण्याचा परवाना. नियम आहे म्हणाला. त्यावर माझं नाव घातलं, अंकुश गेणबा, मुक्काम मुळशी. वीस वर्षं लोकांना शील देणाऱ्या माणसाच्या नावाने दारू पिण्याचा परवाना निघाला. तो कागद मी घडी करून वंदनेच्या पुस्तकात ठेवला. फेकला का नाही ते सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात मी मनाशी खूप बोललो. पाचवं शील पिण्याचं आहे, असं मी मनाला म्हणालो. मी पीत नाही, देतोय. दारूचा व्यापार करू नये असंही आपल्याला शिकवलंय, पण व्यापार कुठे करतोय, आहेर करतोय. मन हो म्हणत गेलं. रागाला पाठ केलेली वचनं फार कामाला येतात, हे मला पन्नाशीला येऊन कळलं.

म्हणून तू तिथे कोणाला सांगत असशील की माझ्या भावाची चूक झाली, तर सांगणं बंद कर. चूक झाली नाही. तुझे पार्टीपर्यंतचे चौदा महिने मला माहीत होते आणि ते मोडायलाच मी आलो होतो. आप्पांची अकरा वर्षं तू मोडलीस.

मी पुढच्या आठवड्यात भेटायला येईन. तुझ्यासमोर हेच बोलेन.

अंकुश


मुळशी
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

रवी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे तू हे लिहिलं नाहीस असं मला कधी स्वतःला सांगता येणार नाही.

'दादा, दोन्ही पत्रं मिळाली. ऑफिसातले काका म्हनले तुझा भाऊ लिहितो चांगलं. बाटली आप्पांनी त्याच दिवशी सांजच्याला तुझ्याकडं दिली होती, फोडून टाक म्हणून. तू फोडली न्हाईस. भाताच्या कणगीत ठेवलीस. आप्पांनी मला दवाखान्यात सांगितलं. म्हनले, अंकुशला बोलू नको, त्याला विहारात पुढं उभं राहायचं असतं. म्हणून बोललो न्हाई. आणली मीच, तेवढं खरं हाय. तू भेटायला येऊ नको. रवी'

नऊ ओळी आहेत. मी त्या बांधावर बसून वाचल्या.

होय. मांडव सोडत होते, आप्पा मागच्या दारी आले, डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "ह्ये तळ्याच्या कडंला नेऊन फोड. घरात नगं." मी हो म्हणालो. आणि फोडली नाही. तेव्हा नव्या घराचं विजेचं मीटर अडलं होतं. मध्ये एक माणूस होता, तो म्हणायचा, साहेबांना जरा खूश करा, आठ दिवसांत बसतं. इतकी भारी वस्तू फोडायची, त्यापेक्षा कामाला येईल, असं मी म्हणालो. तुझ्या वहिनीच्या नजरेला पडू नये म्हणून कणगीत, भाताच्या आत, कोपरभर खोल सारली.

मीटर जानेवारीत आपोआप बसलं. बाटली मी विसरलो.

कणगीतलं भात काढून गिरणीला न्यायचं काम घरात फक्त आप्पा करायचे. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी ती तिथेच ठेवली. तेव्हा सुचलं नव्हतं, असं मी शपथेवर सांगेन, पण माझ्या शपथेला आता कोण विचारतो. माघात त्यांनी पाटी भरायला हात घातला आणि हाताला पत्रा लागला. सोडलेली दारू तिच्या पायांनी परत घरात येऊन, खाण्याच्या धान्यात येऊन बसली होती. मला ती रिकामी बाटली गोठ्यात सापडली. डबा कणगीतच राहिला होता. तो मी पुसून नलिनीला दिला आणि म्हणालो, रिसॉर्टवर पाहुण्यांनी टाकला होता.

आणि त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो की रवीच्या बाटलीने आप्पा गेले.

पण तू? तू साडेपाच वर्षं हे पोटात ठेवून बसलास? आप्पांच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला मी तुला खीर वाढू दिली नाही. तू पायरीवर बसलास आणि चपला सांभाळल्यास. गंगूबाई आत्यासमोर मी तुला बापाचा मारेकरी म्हणालो, तू खाली बघितलंस. गच्चीवर मी माईक घेतला तेव्हा एक वाक्य बोलला असतास, 'दादा, कणगीचं सांगू का?' तर माझ्या हातातला माईक गळून पडला असता. तुझे चौदा महिने वाचले असते. तू झाकण उघडलंस. माझ्यासाठी उघडलंस ना? मला उघडं पडू द्यायचं नव्हतं म्हणून?

मग ऐक, तुझा हा चांगुलपणा मला माझ्या बाटलीपेक्षा वाईट लागलाय. मी तुला एका संध्याकाळी मारलं. तू मला रोज थोडं थोडं वाचवत राहिलास आणि कळूही दिलं नाहीस. सूड घ्यायचा तर असा. मला जमला नाही.

काल पौष पौर्णिमा झाली. विहारात चार शीलं म्हटली आणि पाचव्याला गळा बसला. खोकला काढला, परत सुरुवात केली, परत तेच. गंगूबाई आत्या पुढे बसली होती. "पाणी द्या रं आचार्याला," म्हणाली. लोकांनी पाणी दिलं. मी प्यालो आणि कसंबसं म्हटलं. मागून सगळे म्हणाले. त्यांना वाटलं थंडी बाधली.

येऊ नको म्हणालास, येत नाही.

अंकुश


मुळशी
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

रवी,
जय भीम.

काल माघ पौर्णिमा. दारूसाठी मी माईक घेतला होता, म्हणून यासाठीही घेतला. शिलाच्या आधीच. मी म्हणालो, बसून घ्या, एक आहेर पुकारायचा राहिलाय. लोकांना वाटलं कोणीतरी विहाराला पंखा दिला असेल.

मग सगळं सांगितलं. आप्पांनी बाटली कोणाकडे दिली, मीटर, कणगी, डबा. निषादच्या दुकानातला परवाना पुस्तकातून काढून वाचून दाखवला. तुझे महिने, वैशालीने ओट्यावर सांगितलेलं, आणि तरी मी काय घेऊन गेलो. निषादही बसला होता. त्याने खाली बघितलं. दोघेजण उठून गेले, त्यांची नावं लिहीत नाही, त्यांनी बरोबर केलं.

आत्या पुढेच बसली होती. ऐंशीची झाली, ऐकू कमी येतं, मला वाटलं तिला कळलंच नाही. मग म्हणाली, "बाटली फोडायला काय लागतं रं? एक धोंडा." एवढंच. तळ्याच्या कडेला धोंड्यांना कमी नाही.

मी माईक खाली ठेवून मागे जाऊन बसलो. कोणी पुढे येईना. शेवटी नलिनी उठली. तिलाही हे सगळ्यांबरोबरच कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पुढे जाऊन वंदना घेतली. पाचव्या शिलाला तिचा आवाज चांगला मोठा होता. मी तिच्यामागून म्हटलं. घरी आल्यावर तिने डब्यातल्या मेणबत्त्या काढून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. तो पत्र्याचा मी उचलून बाहेर टाकायला निघालो, तर म्हणाली, "ठेवा तिथंच. दिसू दे तुमाला." तो रिकामा फळीवर आहे. माझ्याशी ती अजून कामापुरतं बोलते.

तुझ्यावरचा राग गेला, असं लिहिलं तर खोटं होईल, आणि निदान चौथं शील तरी माझ्याकडे राहू दे. माईकवाल्याला तू 'स्कॉच म्हण' म्हणालास ते अजून कानात येतं आणि दात आवळतात. राग आहे. आधी तो सरळ चांद्याला जायचा. आता अर्ध्या वाटेवरून माझ्याच घरी परत येतो.

सकाळी वैशालीचा फोन आला. काल रात्री तिला कोणीतरी सगळं सांगितलं असावं, पण ती त्यावर बोलली नाही. म्हणाली, केंद्रातून तुला आठवड्याला एक फोन करू देतात, आणि तू म्हणालास, "दादाला या रविवारी ये म्हनावं. पर काय आणू नको म्हनावं."

रविवारी येतो. नलिनीने तुझ्यासाठी आंबेमोहराचा भात आणि शेवळाची भाजी द्यायचं मनात आणलं होतं. मी नको म्हणालो. शेवळं पावसाळ्यातली, आता मिळायचीही नाहीत, तिलाच हसू आलं. कालपासून पहिल्यांदा. काही घेऊन येणार नाही.

फक्त एक कर. हेच वाक्य वैशाली दिवाळीत माझ्या ओट्यावर बोलली होती, आणि तेव्हाही मी मान हलवली होती. म्हणून गेटवरच्या माणसाला तू आधीच सांगून ठेव. पांढरा शर्ट घातलेला, पन्नाशीचा, हात जोडून जय भीम म्हणणारा माणूस येईल. तोंडाकडे बघून सोडू नको म्हणावं. त्याची झडती नीट घे.

तुझा दादा